टाकी एक, भानगडी तीन

प्रश्न: भोसरीत आमचं छोटं क्रोम प्लेटिंग युनिट आहे, आयएसओ 9001 (क्वालिटीचं मानक) आहेच, आता कस्टमर 14001 (पर्यावरणाचं) नि 45001 (कामगारांच्या सेफ्टी नि आरोग्याचं) पण मागतोय. तीन वेगळ्या फायली करायच्या का?

उत्तर: अजिबात नको हो! तिन्हींचा सांगाडा सेम, दहा कलमं, त्यामुळे 9.2 चं इंटर्नल ऑडिट नि 9.3 चा मॅनेजमेंट रिव्ह्यू एकत्रच उरका. खरी मेहनत आठव्या, म्हणजे प्रत्यक्ष कामकाजाच्या कलमात. तुमची क्रोमची टाकीच बघा ना, थर कमीजास्त झाला की क्वालिटी, वाफ नाकात गेली की सेफ्टी, नि धुण्याचं पाणी ईटीपीऐवजी (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटऐवजी) नाल्यात गेलं की पर्यावरण, मग टाकीशेजारी सूचनांचा कागदही एकच लावा, कामगाराला वाचता येईल असा. (रेडीमेड फाइल घेऊ नका, ती कपाटातच राहते.) शिवाय 45001 मधलं 5.4, कामगारांशी सल्लामसलत, ते 9001 मध्ये नाही, तेही नव्यानं करावं लागेल.