तटस्थ देशाचं व्यापारी जहाज प्रायव्हेटियरने पकडलं की ते लगेच त्याचं व्हायचं का?

नाही. सरकारी परवाना घेतलेल्या प्रायव्हेटियरला, म्हणजे खासगी लढाऊ जहाजाला, तटस्थ जहाज थांबवून झडती घेता यायची. पण मालकी मिळायची ती प्राइझ कोर्टाच्या, म्हणजे पकडलेल्या जहाजांचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाच्या, निकालानंतरच. खटला मुख्यतः जहाजावरच्या कागदपत्रांवर आणि खलाशांच्या जबान्यांवर चालायचा: माल शत्रूचा आहे का, युद्धसाहित्य आहे का, नाकेबंदी मोडली का.

ब्रिटन-फ्रान्स युद्धातली दोन ब्रिटिश प्रकरणं बघा. १८०० मध्ये ‘पॉली’ हे अमेरिकन जहाज सुटलं, कारण हवानाची (म्हणजे ब्रिटनच्या शत्रूच्या, स्पेनच्या वसाहतीतली) साखर आधी अमेरिकेत उतरवून जकात भरलेली होती, त्यामुळे शत्रूच्या वसाहतीतून थेट नेलेला माल ती ठरली नाही. १८०५ मध्ये ‘एसेक्स’च्या अपिलात जवळपास तसाच बचाव फेटाळला गेला. अमेरिकेतला थांबा नुसता देखावा, खरा प्रवास बार्सिलोना ते हवाना, म्हणजे स्पेन ते स्पेनची वसाहत, असं ठरलं. त्यानंतर अमेरिकन जहाजांची धरपकड वाढली, यात नवल नाही.

मात्र कोर्ट पकडणाऱ्याच्याच देशाचं असायचं, त्यामुळे न्यायाची हमी तेवढ्यापुरतीच. जानेवारी १७९८ च्या फ्रेंच कायद्यात तर इंग्रजी माल सापडला की तटस्थ जहाजही जप्त! १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने सही करणाऱ्या देशांपुरती प्रायव्हेटियरची पद्धत बंद झाली. अमेरिकेने सही केली नव्हती.