चिप एकाच्या नावावर, कुत्रा दुसऱ्याच्या दारी

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी लातूरजवळच्या एका गावातून मी कारवान जातीची कुत्री रोख पैसे देऊन घेतली. चिपच्या नोंदीत अजून विक्रेत्याचेच नाव आहे. तिला पिल्ले झाल्यावर तो आता तिच्यावर हक्क सांगतो आहे. (लातूर)

उत्तर : खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये सहसा १५ अंकी क्रमांकाखेरीज काहीही नसते; मालकाचे नाव त्या क्रमांकासमोर वेगळ्या नोंदवहीत लिहिलेले असते. त्यामुळे कुत्री कोणती हे चिप सांगते, कोणाची हे नाही. कायद्याच्या दृष्टीने ती जंगम मालमत्ता आहे आणि १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार मालकी उभयतांनी ठरवल्या क्षणी खरेदीदाराकडे जाते, मग नोंद बदललेली असो वा नसो. मात्र नोंद हा पुरावा असतो, आणि आपण रोखीने व्यवहार केल्यामुळे ती खोडून काढणे आपल्याला अवघड जाऊ शकते. सौद्याला हजर असलेली माणसे, मोबाइलवरील संदेश आणि आपल्या नावाची लसीकरण पुस्तिका आजच एकत्र करावी. त्यानंतर चिप क्रमांक नमूद करून विक्रेत्याकडे नावबदलास लेखी संमती मागावी. नवी चिप बसवण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये. जुनी चिप वाचता येतच राहते आणि संशय मात्र वाढतो.

प्रश्न : बहीण पुण्याला गेली, तेव्हा लॅब्रॅडॉर माझ्याकडे देऊन गेली. चिप तिच्या नावावर आहे आणि आता ती तो परत मागते आहे. (नांदेड)

उत्तर : देताना ती नेमके काय म्हणाली, यावर सारे अवलंबून आहे. ‘तुलाच दिला’ असे म्हणून तिने सोपवला आणि आपण स्वीकारला असेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जंगम वस्तूची भेट ताबा दिल्यानेही पूर्ण होते आणि केवळ मन बदलले म्हणून ती मागे घेता येत नाही. ‘घर मिळेपर्यंत सांभाळ’ एवढेच ठरले असेल, तर तो परत करणे भाग आहे. खाण्यापिण्याचा व औषधांचा खर्च मागता येईल, कुत्रा अडवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. बहीण-भावांनी यासाठी कोर्टाची पायरी चढू नये.

प्रश्न : बाजारात घेतलेल्या लाल कंधारी बैलाचा कानातील बिल्ला जुन्या मालकाच्या नावावर आहे. (कंधार)

उत्तर : तत्त्व तेच. बाजाराची सौदा पावती जपून ठेवावी, बिल्ला काढू नये आणि त्यावरील १२ अंकी क्रमांक घेऊन, शक्यतो विकणाऱ्यासह, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नाव बदलून घ्यावे.