विचारा बाईंना : शनिवारचा पांढरा गणवेश

(निवृत्त क्रीडाशिक्षिका, सातारा. वाचकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत.)

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. सातवीपर्यंत खो-खोच्या संघात होती. आता शनिवार उजाडला की हिचं पोट दुखतं, मैदानावर जायला नको म्हणते. शाळेतले सर म्हणतात, या वयात मुली आळशी होतात. खरंच तसं असतं का?
– एक आई, कोरेगाव

ताई, शनिवारी शाळेत कोणता गणवेश असतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण मी पैज लावते, पांढरा.

एकतीस वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून मी मैदानावर उभी होते, तरी ही गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. आमच्या संघात एक मुलगी होती. पाठलागाला उठली की खांबावरून असा सूर मारायची की समोरची गडबडून जायची. नववीत गेली आणि एका शनिवारी लिंबाखालच्या पारावर बसून राहिली, कमरेला स्वेटर गुंडाळून. एप्रिलचा महिना. मी सगळ्यांसमोर ओरडले, "काय गं, एप्रिलात थंडी वाजायला लागली का तुला?" एकही मुलगी हसली नाही. पांढऱ्या गणवेशावर पाळीचा डाग दिसू नये म्हणून तो स्वेटर, हे सगळ्यांना कळलं होतं, मलाच तेवढं नाही. स्वतः बाई असून, स्वतः खेळलेली असून! त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या जूनला मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, खेळाच्या तासाला मुलींना गडद निळी पँट चालू द्या. ते म्हणाले, "बाई, कवायतीत रांग विचित्र दिसेल." रांग! शेवटी कापड मीच आणलं, पेठेतल्या टेलरकडून बारा पँटी शिवून घेतल्या आणि कवायत संपली की मुलींनी त्या घालायच्या असं ठरवून टाकलं. परवानगी कुणी दिली नाही आणि कुणी अडवलंही नाही. पारावरची गर्दी मात्र निम्म्याने कमी झाली.

हे कोरेगावचं किंवा साताऱ्याचंच दुखणं आहे असं समजू नका. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाची पांढरी चड्डी जाऊन निळी यायला २०२३ साल उजाडलं. विम्बल्डनमध्ये पांढऱ्या कपड्यांचं केवढं सोवळं, पण त्यांनीही त्याच वर्षी बायकांना आतून गडद चड्डी घालायची मुभा दिली. जगातल्या पहिल्या दहातल्या खेळाडूंना ही धास्ती होती, तर तुमच्या लेकीचं पोट दुखलं म्हणून नवल काय?

आता कामाचं. तिला एकटीला बसवून विचारा, पण "पाळीमुळे का?" असं तोंडावर नको. "मैदानावर काय नको वाटतं?" असं विचारा. मग चार आया मिळून शाळेत जा, एकटीचं कुणी ऐकत नाही. गडद पँट मागा. मैदानाजवळचं मुलींचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघा. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, का तिथे जुने बाक रचून ठेवलेत? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि खेळाचं मैदान दोन्ही लिहिलेलं आहे, तेव्हा भीड बाळगू नका. खेळाच्या कपाटात आयोडीन आणि पट्ट्यांशेजारी पॅडचं एक पाकीट असू द्या. आणि तिला बरी स्पोर्ट्‌स ब्रा घेऊन द्या. आमच्या वेळी आम्ही ओढणी करकचून बांधून धावायचो, श्वास लागायचा तो वेगळाच. पाळीत खेळलेलं चालतं का, असं तुमच्या सासूबाई विचारतीलच. अंगाला बरं वाटत असेल तर खुशाल खेळावं. फारच दुखत असेल किंवा रक्तस्राव जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा.

राहिला आळस. घरी येऊन दोन हंडे पाणी भरणारी, भाकरी थापणारी पोरगी आळशी कशी, हे त्या सरांना एकदा माझ्या वतीने विचारा.

प्रश्न : नात बारा वर्षांची आहे, कुस्ती शिकायची म्हणते. मी स्वतः लाल मातीत खेळलोय. पण भावकी म्हणते, पोरीचे कान मोडतील, मग लग्नाचं काय?
– एक आजोबा, मिरज तालुका

आजोबा, तुमचे स्वतःचे कान मोडलेले असणार आणि तरी तुमचं लग्न झालं!

पहिली महिला महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये तुमच्या सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. भावकीतले निम्मे लोक ती कुस्ती बघायला गेले असतील. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं, पण बायकांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये यायला २००४ उजाडलं. खाशाबांच्या पदकानंतर बावन्न वर्षांनी सुरू झालेल्या रांगेत तुमची नात उभी राहतेय, तिला आणखी थांबवू नका. कानांना संरक्षक पट्टा मिळतो, तो सरावात घालायचा.

तालीम निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. मुलींची वेळ वेगळी आहे का, कपडे बदलायला खोली आहे का, वस्तादांबरोबर एखादी बाई असते का, स्पर्धेला बाहेरगावी नेताना सोबत कोण जातं. एकाही प्रश्नावर वस्ताद चिडले तर दुसरी तालीम बघा.

प्रश्न : लंडनमध्ये मुलींच्या खेळासाठी काम करणारी एक संस्था आहे, असं तिकडे राहणाऱ्या मामेभावाने सांगितलं. तसं काही आम्हा मित्रांना खानापूर तालुक्यात करता येईल का? नोंदणी कशी करायची?
– एक पदवीधर तरुण, विटा

त्या संस्थेचं नाव 'विमेन इन स्पोर्ट'. १९८४ पासून आहे, आधी नाव वेगळं होतं. मला तिचं एक आवडतं, ती नुसते चषक वाटत बसत नाही. मुली का सोडून जातात हे ती मुलींनाच विचारते आणि ते घेऊन सरकारच्या, क्रीडासंघटनांच्या मागे लागते. २०२२ च्या त्यांच्या अभ्यासात असं निघालं, की प्राथमिक शाळेत स्वतःला खेळाडू समजणाऱ्या मुलींपैकी ४३ टक्के मुली पुढे खेळापासून लांब जातात. दहा लाखांहून जास्त पोरी. कारणं काय, तर लोक बघतात, नावं ठेवतात, आपल्याला जमणार नाही, आणि पाळी. वरच्या कोरेगावच्या ताईंचं पत्र वाचलंत ना? तेच.

नोंदणीचं सोपं आहे. किमान सात जण, संस्थेची घटना म्हणजे नियमावली लिहून काढायची आणि सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज. पण बाळांनो, लेटरहेड छापायची घाई करू नका. अध्यक्ष कोण, खजिनदार कोण यावरून फुटलेल्या संस्था मी पुष्कळ पाहिल्यात. आणि त्या सातांत मुली किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. 'आम्हा मित्रांना' असं लिहिलंय, म्हणून विचारते.

पाहुणे, फ्लेक्स, शाल-श्रीफळ यावर पैसे घालू नका. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत धावायची, अंतिम शर्यत धावली, पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकच्या अंतिम फेरीत पोचलेली भारतीय बाई. आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. माधवनगरची स्मृती मानधना तर घराघरात आहे. त्यांचे फोटो लावायला सगळेच तयार असतात. तुमच्या गावातली नववीतली पोर सहा वाजता सराव संपल्यावर घरी कशी जाते, हे मात्र कुणी बघत नाही. शेवटची एसटी चुकेल म्हणून साडेपाचलाच पिशवी उचलणाऱ्या किती मुली मी पाहिल्या! त्यातल्या तिघी जिल्ह्याच्या संघात नक्की बसल्या असत्या. तुमच्याकडे टमटम असलेला एखादा मित्र असेल तर त्याला आधी सभासद करून घ्या.

आणि पहिलं काम हे करा. एक दोनशे पानी वही घ्या. आठ दिवस रोज संध्याकाळी पाच ते सात मैदानावर बसा. मैदानाचा कुठला भाग कोण वापरतं, मुलं किती, मुली किती, कोण किती वाजता गेलं, सगळं लिहा. मग ती वही मला पाठवा, पुढचं बोलू. फक्त मोजताना एक सांभाळा. कडेला बसून भावांचे मोबाइल आणि पाण्याच्या बाटल्या राखणाऱ्या पोरी 'मैदानावर आलेल्या मुली' म्हणून धरायच्या नाहीत.