मेडिकल स्कूलसाठी पत्रं: कोणाकडे मागायची, कशी मागायची

ताई, मुलगी न्यू जर्सीत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, मे महिन्यात मेडिकल स्कूलचे अर्ज उघडणार, फिजिक्सच्या प्रोफेसरांनी फेब्रुवारीत हो म्हणूनही अजून पत्र पाठवलेलं नाही. त्यात महाराष्ट्र मंडळातले ओळखीचे कार्डिऑलॉजिस्ट स्वतःहून पत्र द्यायला तयार आहेत. तेच घेऊन टाकू का, असं तुम्ही विचारलंय. मी मिडवेस्टमधल्या एका कॉलेजात चौदा वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवतोय आणि दर उन्हाळ्यात अशी आठ-दहा पत्रं लिहितो. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

आधी तुमची झोप उडवणारी गोष्ट. पत्र आलं नाही म्हणून अर्ज अडत नाही. ॲमकासकडे, म्हणजे मेडिकल स्कूल्ससाठी एकत्र अर्ज घेणाऱ्या सेवेकडे, अर्ज भरला की ते ट्रान्सक्रिप्ट आणि मार्क पडताळतात. गर्दीच्या दिवसांत त्याला सहा आठवडेसुद्धा लागतात, पण त्यासाठी ते पत्रांची वाट पाहत नाहीत. तेव्हा अर्ज वेळेवर भरा, पत्रं मागाहून येऊ द्या. मात्र एकेका मेडिकल कॉलेजच्या दृष्टीने फाइल पूर्ण होते ती दुय्यम अर्ज (ते कॉलेज स्वतः वेगळा मागवतं तो) आणि पत्रं पोचल्यावरच, आणि बहुतेक ठिकाणी फाइली पूर्ण होतील तशी इंटरव्ह्यूची बोलावणी वाटली जातात. म्हणून जुलै संपेपर्यंत पत्रं पोचायला हवीत असं धरून चाला. दहा पत्रांची नोंद करता येते, पण दहा भरायची गरज नाही. विज्ञानाच्या दोन शिक्षकांची, विज्ञानाबाहेरच्या एकाची, आणि संशोधन केलं असेल तर तिथल्या मार्गदर्शकांचं, एवढ्यावर बहुतेक कॉलेजांचं भागतं. तरी प्रत्येक कॉलेजची अट वेगळी वाचावी लागते. काही ठिकाणी गणिताचे शिक्षक विज्ञानात धरत नाहीत, आणि हे ऐन वेळी कळलं की फार धावपळ होते.

आता कार्डिऑलॉजिस्ट काकांबद्दल. आपल्याकडे नीटच्या मार्कांवर प्रवेश होतो, पत्राचा संबंधच येत नाही. त्यामुळे शिफारसपत्र म्हटलं की आपल्या डोक्यात ओळख, वजन, मोठ्या माणसाची सही असंच येतं. पूर्वी गॅझेटेड ऑफिसरकडून चारित्र्याचा दाखला आणायचो तसं. इथे मेडिकल कॉलेजांची संघटना या कागदाला शिफारसपत्र म्हणतच नाही, मूल्यमापनपत्र म्हणते. कमिटीला जाणून घ्यायचं असतं की ही मुलगी अवघड विषय कसा शिकते, चुकल्यावर काय करते, लोकांशी कशी वागते. काका प्रामाणिकपणे काय लिहिणार? लहानपणापासून ओळखतो, घरचे संस्कार चांगले, गणेशोत्सवात पुढे होऊन काम करते. खरं आहे सगळं, पण त्यावरून मूल्यमापन होत नाही. त्यांच्या दवाखान्यात तिने शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून काम पाहणं, केलं असेल तर ते तास अर्जातल्या अनुभवांच्या यादीत येतातच. ऑस्टिओपॅथिक म्हणजे एम.डी.ऐवजी डी.ओ. ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या कॉलेजांची गोष्ट निराळी आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचं पत्र मागतात, शक्यतो डी.ओ. डॉक्टरांचं. तिकडे अर्ज करणार असाल तर ज्या डॉक्टरांबरोबर तिने खरोखर दिवस काढलेत त्यांचं घ्या. काकांना नाही म्हणणं अवघड आहे, मला कल्पना आहे. आभार मानून सांगा की कॉलेजं शिक्षकांची पत्रं मागतात. त्यांना ते समजेल.

मग खरं उपयोगी पत्र कसं असतं? काही वर्षांपूर्वी माझ्या लॅबमध्ये एक मुलगी होती. शेवटचा ग्रेड बी प्लस. त्या आठवड्यात ॲसिटॅनिलाइड शुद्ध करायचं होतं, वितळणबिंदू 114 अंशांच्या आसपास यायला हवा. तिचा आला 104 ते 109. पुस्तकातला आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि वहीत तो लिहून घरी जाणारे मी पाहिलेले आहेत. तिने जसं दिसलं तसं लिहिलं, खाली पेन्सिलीने ‘ओलं राहिलं असावं’ अशी टीप टाकली, आणि शुक्रवारी दुपारी येऊन परवानगी मागून पुन्हा वाळवून मोजलं. माझं तिच्यावरचं पत्र दोन पानं भरलं, आणि त्यातला अर्धा मजकूर त्या एका वहीवर होता. त्याच वर्षी वर्गात पहिला आलेला मुलगा पत्र मागायला आला. दोनशे जणांच्या वर्गात तो माझ्याशी एकदाही बोलला नव्हता. मी त्याला बसवून सांगितलं की माझ्याकडे लिहायला तुझे मार्कच आहेत, आणि ते ट्रान्सक्रिप्टवर आहेत. त्याला वाईट वाटलं. पण तीन ओळींचं कोमट पत्र फाइलमध्ये गेलं असतं तर ते त्याला कधीच कळलं नसतं, आणि नुकसान त्याचंच झालं असतं.

म्हणून मागताना मुलीने ‘पत्र द्याल का’ एवढंच विचारू नये. ‘माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का’ असं विचारावं, शक्यतो ऑफिस अवर्समध्ये समोर बसून. समोरचा घुटमळला तर तिथेच आभार मानून उठावं. होकार मिळाला की त्याच दिवशी सगळं एका ईमेलमध्ये पाठवावं: सीव्ही, ट्रान्सक्रिप्ट, निबंधाचा मसुदा, कोणत्या तारखेपर्यंत हवं ते, आणि ॲमकासचा पत्रमागणीचा फॉर्म. त्या फॉर्मवर तिचा नंबर आणि त्या पत्राचा स्वतंत्र आयडी असतो. तो नसला की आम्हाला पत्र चढवता येत नाही, आणि निम्मा उशीर इथेच होतो. सोबत माझ्या वर्गात काय काय घडलं त्याच्या चार-पाच ओळी दिल्या तर फार मदत होते. चौदा वर्षांतली सगळी तोंडं लक्षात राहत नाहीत. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं कोणी म्हणालं तर त्यांचा नाद सोडावा.

हे ईमेल मुलीनेच लिहायचं, ताई. आईवडिलांचं ईमेल आलं की माझ्यासारख्याचा हात पत्र लिहिताना थबकतो.

पत्र पाहण्याचा हक्क सोडायचा का, असा एक खूण करायचा रकाना येईल. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींबद्दलच्या 1974 च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क आहे. सोडावा. हक्क राखून ठेवलेला असला की वाचणाऱ्याला पत्र हातचं राखून लिहिलंय असं वाटतं.

तिच्या कॉलेजात प्रीहेल्थ कमिटी आहे का, हे मात्र आजच बघा. काही कॉलेजांत अशी कमिटी विद्यार्थ्याची मुलाखत घेऊन सगळ्यांच्या वतीने एकच पत्र देते. ॲमकासमध्ये ते एकच पत्र मोजलं जातं, आत पाच जणांची असली तरी. कमिटीच्या तारखा अर्जाच्या कितीतरी आधीच्या असतात, आणि कमिटी असून तिचं पत्र नसलं तर काही मेडिकल स्कूल्स कारण विचारतात.

आता फिजिक्सचे प्रोफेसर. एकदा माझ्याकडूनही असं झालंय. मी जूनमध्ये कबूल केलं, घरच्या आजारपणात विसरलो, आणि त्या मुलाची फाइल सप्टेंबरपर्यंत अपुरी राहिली. तो संकोचाने आठवण करत नव्हता. याची मला आजही चुटपुट आहे. म्हणून सांगतो, आठवण करून देण्यात उद्धटपणा नाही. तिने या आठवड्यात तेच जुनं ईमेल वर आणून फॉर्म पुन्हा जोडावा, सोयीची एक तारीख विचारावी. दोन आठवड्यांत हालचाल नसेल तर समोर जाऊन भेटावं. त्याच वेळी लॅब घेणाऱ्या टीएला (प्रोफेसरांच्या शिकवण्यातल्या मदतनिसाला) विचारून ठेवावं. टीए तिला जवळून ओळखत असेल तर तो मसुदा करतो आणि प्रोफेसर आपली भर घालून दोघांच्या सहीने पाठवतात, हे बऱ्याच कॉलेजांत सर्रास चालतं. कामाखाली बुडालेले प्रोफेसर अशा वेळी बहुधा लगेच तयार होतात.