दुरुस्तीहून परत आलेल्या बोर्डावर पूर्ण ड्यूटी: लातूरच्या डाळमिलवाल्या भाऊंसाठी

लातूरच्या भाऊंनी लिहिलंय की डाळमिलमधल्या सॉर्टेक्सचा (कॅमेऱ्यानं खराब दाणे ओळखून वेगळे काढणारं मशीन) कॅमेरा बोर्ड दुरुस्तीला परदेशात पाठवला होता, तो कुरिअरनं परत आला आणि मुंबईत सहारला विमानतळावर कस्टम्समध्ये अडकला. कुरिअरवाले केवायसी मागायलेत आणि ड्यूटी दुरुस्तीच्या खर्चावर न लावता बोर्डाच्या पूर्ण किमतीवर लावायलेत. "माल आमचाच, मग नव्यासारखी ड्यूटी कशी?" हा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. माझं वाळूजला छोटं सीएनसी शॉप आहे. सर्व्हो ड्राइव्हच्या (मशीनची मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) बाबतीत हेच सगळं आम्ही भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी सीए नाही, सीएचए (कस्टम्सची कामं करणारा एजंट) पण नाही. शेवटचा शब्द तुमच्या माणसाचाच धरा.

आयईसी (आयात-निर्यातीचा नंबर), केवायसी, जीएसटी नंबर हे तुमच्याकडे असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

आधी कायदा. सीमाशुल्क कायदा 1962 चं कलम 20 म्हणतं की भारतातून बाहेर गेलेला माल परत आला, तर त्या जातीच्या आणि किमतीच्या मालाला आयातीवर जी ड्यूटी लागते तीच त्यालाही लागते. म्हणजे "आमचाच माल आहे" एवढं सांगून काही होत नाही. सुटका मिळते ती अधिसूचनेतून. आमच्या वेळी 30 जून 2017 ची 45/2017 ही अधिसूचना लागू होती. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेला माल तीन वर्षांच्या आत परत आला, तोच माल आहे हे अधिकाऱ्याला पटलं आणि मालकी बदललेली नसली, तर ड्यूटी फक्त दुरुस्तीचा खर्च आणि जाण्यायेण्याचं भाडं-विमा एवढ्यावर. अधिसूचना बदलत असतात, आजचा नंबर सीएचएकडून विचारून घ्या.

फरक किती पडतो ते बघा. समजा बोर्ड 4 लाखांचा, दुरुस्ती 60 हजारांची, दोन्हीकडचं भाडं-विमा 20 हजार. मूळ ड्यूटी 7.5 टक्के, तिच्यावर 10 टक्के सरचार्ज आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 18 टक्के धरा. पूर्ण किमतीवर 30,000 अधिक 3,000 अधिक 77,940, म्हणजे 1,10,940 रुपये. सवलतीत 80 हजारांवर 6,000 अधिक 600 अधिक 15,588, म्हणजे 22,188. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बोर्डाचा दर त्याच्या एचएस कोडवर (मालाच्या प्रकाराचा कस्टम्समधला नंबर) ठरेल. आमच्यासारख्याला निदान आयजीएसटीचं क्रेडिट तरी मिळतं. तुम्ही सुटी डाळ विकत असाल तर ती करमुक्त, त्यामुळे तेवढं क्रेडिटही हाती लागत नाही. म्हणून तुमचं दुखणं आमच्यापेक्षा मोठं आहे.

आता मुख्य गोष्ट. सवलतीचा सगळा खेळ "तोच माल" या दोन शब्दांवर आहे, आणि त्याचा पुरावा माल परत येतो तेव्हा तयार होत नाही, जातो तेव्हा होतो. आमचा घात तिथेच झाला.

ड्राइव्ह पाठवताना आम्ही इनव्हॉइस नीट बनवलं होतं. मॉडेल, सिरियल नंबर, "दुरुस्तीसाठी, परत येणार, विक्री नाही" असं स्पष्ट लिहिलेलं, सोबत ड्राइव्हच्या बाजूच्या चंदेरी पट्टीचा फोटो. हे सगळं आम्ही शहरातल्या एका कुरिअरच्या बुकिंग ऑफिसला हातात दिलं. नाव लिहीत नाही, लिहिण्याची इच्छा खूप आहे. तिथल्या माणसानं सिस्टीममध्ये टाकताना वर्णनाच्या रकान्यात टाकलं फक्त "मशीन पार्ट". सिरियल नंबर गायब. आणि कुरिअर शिपिंग बिल (एक्सपोर्टचा कस्टम्सचा कागद) भरलं सीएसबी-4 मध्ये, म्हणजे नमुने आणि भेटवस्तू ज्यात जातात त्या फॉर्ममध्ये. त्यात बसावं म्हणून किंमतही उतरवली. आमचं इनव्हॉइस पाकिटात घालून पाठवलं खरं, पण कस्टम्सच्या रेकॉर्डला गेला तो त्याचा फॉर्म.

ड्राइव्ह परत आला तेव्हा अधिकाऱ्यानं रास्त प्रश्न विचारला: एक्सपोर्टच्या कागदावर दाखवा की हाच नग गेला होता. दाखवणार काय? कागदावर एक मशीन पार्ट, नमुना, किरकोळ किमतीचा. समोर खोक्यात लाखोंचा ड्राइव्ह. त्याच्या जागी मी असतो तरी सवलत दिली नसती.

मग त्या बुकिंग ऑफिसनं जे केलं त्याचा राग अजून गेलेला नाही. ते म्हणाले मुंबई हबला विचारा. हब म्हणे बुकिंग ब्रँचनं जे टाकलं तेच आम्ही फाइल केलं. कस्टमर केअरकडून मेल यायचे, "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे". विभाग कुठला, माणूस कोण, काही नाही. आम्ही मागत होतो एकच गोष्ट: बुकिंगच्या दिवशी तुम्हाला हे इनव्हॉइस मिळालं होतं आणि वर्णन तुमच्या माणसानं कमी केलं, एवढं लेटरहेडवर लिहून द्या. कलम 149 खाली कागदात दुरुस्ती मागता येते, पण माल बाहेर जाताना जो पुरावा अस्तित्वात होता त्याच्याच आधारावर. आमच्याकडे पुरावा होता, तो मिळाल्याचं कबूल करणारं कोणी नव्हतं. शेवटी त्यांनी एअरवे बिलाची (विमानानं गेलेल्या मालाची पावती) झेरॉक्स दिली, तिच्यावरही "मशीन पार्ट"च. इकडे शॉपमध्ये मशीन बंद, गिऱ्हाईक फोनवर. पूर्ण ड्यूटी भरून माल सोडवला. चूक ज्यांनी केली त्यांचा एक रुपया गेला नाही.

आता तुमचं बघू. तुमची आयातीची एंट्री भरली गेली का, हे आज, अगदी आज विचारा. कुरिअर कंपनी तुमच्या नावानं ईसीसीएस या कस्टम्सच्या कुरिअर सिस्टीममध्ये बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, भरते. ड्यूटी लागणाऱ्या 1 लाखापर्यंत किमतीच्या मालाला सीबीई-13 हा फॉर्म, त्याच्या वर सीबीई-14. ते नमुना-भेट म्हणून सीबीई-12 मध्ये टाकू बघत असतील तर सरळ नाही म्हणा. फाइल करण्याआधी चेकलिस्ट (भरायच्या एंट्रीचा मसुदा) मागा आणि तिच्यात चार गोष्टी बघा: माल घेणारा म्हणून फर्मचं नाव आहे की तुमचं स्वतःचं, जीएसटी नंबर आहे का, अधिसूचनेचा नंबर टाकलाय का आणि वर्णनात सिरियल नंबर आहे का. केवायसीच्या मेलला घाईत स्वतःचं आधार पाठवून मोकळे होऊ नका. फर्मचा आयईसी, जीएसटी आणि अधिकारपत्र पाठवा, आणि त्या पत्रात लिहा की चेकलिस्ट मंजूर केल्याशिवाय एंट्री भरू नये.

माझं स्पष्ट मत: एवढ्या किमतीचा दुरुस्तीचा माल कुरिअरच्या एंट्रीवर सोडवूच नये. स्वतःचा सीएचए नेमून नेहमीचं बिल ऑफ एंट्री भरायला लावा. कुरिअर कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेतात, दोन दिवस जास्त जातात, पण सीएचए तुमचा माणूस असतो. काहींना हे पटणार नाही, कारण कुरिअरमधूनही सवलत मिळालेले लोक आहेत. ज्यांचे जातानाचे कागद चोख होते त्यांना मिळाली असेल.

पुरावा म्हणून एक्सपोर्टच्या शिपिंग बिलाची प्रत, तेव्हाचं इनव्हॉइस, एअरवे बिल, दुरुस्ती करणाऱ्या कंपनीचा सिरियल नंबर टाकलेला सर्व्हिस रिपोर्ट, तिचं बिल आणि दोन्ही वेळचे मेल एकत्र करा. त्यांनी जुना बोर्ड ठेवून दुसरा पाठवला असेल तर मात्र तो "तोच माल" राहत नाही, दुरुस्तीची सवलत विसरा. वॉरंटीत फुकट मिळालेल्या मालालाही ड्यूटी असते. इनव्हॉइसवर 1 डॉलर लिहून आलं की शंका येते आणि माल जास्तच अडकतो.

"आता भरून टाका, मग रिफंड मागू" असं कुरिअरवाले गोड बोलून सांगतील. ऐकू नका. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं आयटीसीच्या प्रकरणात सांगितलंय की मूल्यांकन (ड्यूटी किती ते ठरवणं) कायद्यानं बदलून घेतल्याशिवाय रिफंडचा दावा चालत नाही, आणि तुमच्या नावानं भरलेली स्वतःची एंट्री हेही मूल्यांकनच. अधिकाऱ्यानं सवलत नाकारली तर मान्य नाही असं लेखी द्या आणि कलम 17(5) खाली कारणांसह आदेश मागा. तो 15 दिवसांत द्यायचा असतो. त्यावर कमिशनर अपील्सकडे 60 दिवसांत अपील करता येतं. माल अडकलेला असताना हे जड जातं, मला माहीत आहे. पण तोंडी "हो" म्हणून सोडवलात तर पुढची दारं बंद होतात.

भाऊंच्या प्रश्नाखाली कोणीतरी माळीवाड्याच्या आयसीडीत जायला सांगितलंय. तो कंटेनरचा डेपो आहे, सहारला उतरलेल्या कुरिअरच्या मालाचं तिथे काही होणार नाही, उगीच संभाजीनगरची चक्कर पडेल.

पुढच्या वेळी बोर्ड पाठवाल तेव्हा सीएचएकडून नेहमीचं शिपिंग बिल करा, सिरियल नंबर त्यातच टाकून घ्या, आणि जमलं तर जाताना कस्टम्सकडून नगाची ओळख पटवून तशी नोंद करून घ्या. बँकेकडून "दुरुस्तीसाठी जातंय, परत येणार, परकीय चलनाचा व्यवहार नाही" असं प्रमाणपत्रही आम्ही घेतो आता. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायला विसरू नका, काही बदल नसला तरी. नाहीतर ऐन वेळी तो बंद निघतो. आणि जालन्याचे जे बियाणेवाले वाचत असतील त्यांच्यासाठी: झाडं आणि झाडांचे भाग कुरिअरच्या या सोप्या पद्धतीत आणता येत नाहीत. बियाण्याचं पाकीट नमुना म्हणून मागवू नका.

भाऊ, तुमच्या एक्सपोर्टच्या कागदावर सिरियल नंबर आहे की नाही आणि तो सीएसबी-4 आहे की सीएसबी-5 (व्यापारी मालाचा फॉर्म), एवढं बघून कळवा. फोटो टाकणार असाल तर आयईसी, जीएसटी नंबर आणि पत्ता झाकून टाका. मी रात्री शॉप बंद झाल्यावर बघतो.