पिकअपला रिमोट स्टार्टर बसवायच्या आधी हे वाच

भावा, तुझी पिकअप मॅन्युअल गिअरची आहे हे आधी ध्यानात घे, गाडी गिअरमध्ये राहिली आणि तू घरातनं बटण दाबलंस तर स्टार्टर मोटरच गाडी पुढं ढकलती, आणि त्यात इंजिन पेटलं तर ती पळतच सुटंल, पुढं कुणाचं पोरगं खेळत असलं तर काय करशील? म्हणून क्लच स्विचच्या (क्लच दाबल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारा स्विच) वायरी नुसत्या जोडून देणाऱ्याकडं अजिबात जाऊ नको. मॅन्युअलसाठी बनवलेलंच युनिट घे. त्यात न्यूट्रलची खात्री अशी होती की गाडी न्यूट्रलला आणून हँडब्रेक ओढायचा, रिमोट दाबून चावी काढायची, इंजिन चालूच राहतं, मग खाली उतरून दार लावलं की ते बंद होतं. गिअर पडलेला असता तर क्लच सोडताच इंजिन बंद पडलं असतं. नंतर कुणी दार उघडलं की रिमोट स्टार्ट रद्द, त्यामुळं दाराचा, हँडब्रेकचा आणि बॉनेटचा स्विच नीट चालतोय का स्वतः तपास, इथं पैसे वाचवू नको. डिझेल असल्यानं ग्लो प्लग, म्हणजे चालू करायच्या आधी इंजिन आतनं तापवणारे प्लग, तापायला थांबायची सेटिंग पण लागती. आणि साताऱ्यात यवतेश्वरच्या चढाला गाडी लावत असशील तर तिथं गिअर टाकूनच लाव, त्या दिवशी रिमोट वापरायचा नाही.