वाचकांचे प्रश्न: राखेतलं बी, शेवळांची खाज आणि कुडाची भिंत

आदिवासी घरांतल्या पद्धती शहरात किंवा फार्महाऊसवर वापरून पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी जास्त आली. त्यातले चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (डोंबिवली): अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेबद्दल वाचून वालाचं बी राखेत मिसळून मडक्यात ठेवलं. मार्चमध्ये ठेवलेलं मडकं ऑगस्टमध्ये उघडलं, तर निम्म्या बियांना भोकं आणि तळाशी बुरशी. राखेचा उपयोग होत नाही का?

उत्तर: होतो, पण बुरशी आणि भोकं यांची कारणं वेगळी आहेत.

आधी भोकांचं बघू. कडधान्याचा भुंगा मडक्यात बाहेरून येतोच असं नाही. शेंग शेतात वाळत असतानाच मादी तिच्यावर अंडी घालते आणि अळी दाण्याच्या आत शिरते. आत बसलेल्या अळीला राख काही करत नाही. राखेचं काम सुरू होतं ते भुंगा बाहेर पडल्यावर. बारीक राखेने त्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडला जातो, अंगातलं पाणी उडतं आणि तो मरतो. शिवाय दाण्यांमधल्या फटी भरल्याने त्याला हिंडून जोडीदार शोधता येत नाही. म्हणून राख सढळ हाताने लागते: चार वाट्या बियांना तीन वाट्या, आणि वर दोन बोटं जाडीचा निव्वळ राखेचा थर. बहुतेक जण मूठभर राख चोळतात आणि तिथेच फसतात. राख लाकडाची, पूर्ण थंड आणि मैद्याच्या चाळणीने चाळलेली हवी. प्लॅस्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जाळलेली राख नको.

आता बुरशी. आदिवासी घरात बियांचं मडकं चुलीच्या आसपास असतं. मक्याची कणसं, वाळलेले दोडके चुलीवरच्या आढ्याला टांगलेले असतात. चूल रोज पेटते, त्यामुळे आषाढ-श्रावणातही तो कोपरा कोरडा राहतो आणि धुराने किडे लांब राहतात. तुमच्या फ्लॅटमध्ये मडकं आहे, राख आहे, चूल नाही. मातीचं मडकं हवा घेतं, पावसाळ्यात हवेतली ओल आत येते आणि कोरडं बीसुद्धा ती शोषून घेतं. बियांतला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बियाणेशास्त्रातला ढोबळ नियम आहे. तो उलट्या बाजूनेही तितकाच लागू पडतो.

तेव्हा मडकं सोडा, घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. बी चार-पाच दिवस सकाळच्या उन्हात वाळवा, दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर नको. दाणा फरशीवर ठेवून हातोडीने ठोका. तुकडे उडाले तर वाळला, चेपला तर अजून ऊन हवं. खरोखर वाळलेलं बी बंद डब्यात घालून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं तर आतली अळीही मरते. ओलं बी मात्र फ्रीझरमध्ये स्वतःच मरतं, हा क्रम चुकवू नका. डबा बाहेर काढल्यावर बी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. मग राखेसकट बरणीत भरा. ओल शोषायला बियांइतकाच तांदूळ तांबूस होईपर्यंत कोरडा भाजून, झाकून गार करून, कापडी पुरचुंडीत बांधून वर ठेवा. सिलिका जेल असेल तर उत्तमच.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. बी कुठल्या वेलाचं ठेवायचं हे आधीच ठरवून त्या वेलाला खूण करायची असते. भाजीसाठी तोडून तोडून शेवटी उरलेल्या किडक्या शेंगा बियांना ठेवल्या, तर तुम्ही दरवर्षी तीच निवड करत आहात.

प्रश्न (ठाणे): पाऊस सुरू होताना शेवळं ही रानभाजी विकत आणते. दरवेळी घसा खाजतो. विकणाऱ्या बाईंकडून कमी खाजरी शेवळं कशी ओळखून घ्यावीत?

उत्तर: ओळखून घेण्यापेक्षा त्या बाई जुडीबरोबर जी हिरवी आवळ्याएवढी फळं देतात, ती घ्या. ती काकडं. पुष्कळ जण ती नको म्हणून पैसे वाचवतात.

शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. बाहेरची पाती सोला, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग पूर्ण काढून टाका, कारण खाज सगळ्यात जास्त तिथे. हाताला तेल लावून उरलेला भाग बारीक चिरा. दोन जुड्यांना दहा-बारा काकडं ठेचून, बिया काढून, पाण्यात उकळून त्यांचा रस घ्या. शेवळं तेलावर चांगली परतून मग या रसात मऊ शिजवा. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ किंवा आमसुलं, तीही सुरुवातीपासून. वाढताना वरून लिंबू पिळणं हा उपाय नव्हे. सोडे किंवा खिमा घालायचा तो यानंतर.

प्रश्न (पुणे): मुळशीजवळ कारवीच्या कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेल्या भिंतींची, खोली बांधली. वर्षभरात लिंपण तडकून पडलं, खालून वाळवी लागली. आता वरून सिमेंटचा गिलावा करावा का?

उत्तर: करू नका. सिमेंटमागे ओल कोंडेल आणि कारवी आतून कुजेल.

तडे दोन कारणांनी जातात: माती फार चिकण असणं, किंवा एकाच दिवशी जाड थर देणं. तीन घमेली मातीला एक घमेलं शेण आणि बारीक चिरलेला पेंढा किंवा भाताचा तूस घालून आठवडाभर भिजत ठेवा, रोज तुडवा. बशीएवढी चकती करून सावलीत वाळवा. तडकली तर थोडी वाळू घाला. पहिला थर दोन्ही बाजूंनी कुडाच्या फटींत दाबून भरा, पूर्ण वाळू द्या, मग बोटभर जाडीचा दुसरा. त्यावर शेणाचा हात.

वाळवीचं मूळ बहुधा कारवीची टोकं थेट जमिनीत रोवण्यात असतं. दगडी जोतं हवं, पागोळ्या भिंतीपासून अडीच-तीन फूट लांब पडायला हव्यात आणि पावसाच्या बाजूला झापांचा किंवा पेंढ्याचा आडोसा. आणि इथेही चुलीचाच प्रश्न आहे. राहत्या घरात धूर रोज भिंतींत मुरतो आणि दरवर्षी सणासुदीला लिंपण होतं. तुमची खोली आठवड्यातले पाच दिवस बंद. महिन्यातून निदान दोनदा आत शेगडी पेटवणं आणि दिवाळीआधी दरसाल लिंपायला माणूस लावणं जमणार नसेल, तर सरळ विटांची भिंत बांधा. नवी कारवी वनखात्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय तोडता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न (नाशिक): ट्रेकमध्ये कडूकंदाचा वेल दिसला. राखेत उकडून घरी खाता येईल का?

उत्तर: नाही. त्यातला कडवटपणा यकृताला घातक आहे. तो काढायचा पारंपरिक क्रम असा: पातळ काप, राखेच्या पाण्यात उकडणं आणि मग रात्रभर वाहत्या ओढ्यात टोपली ठेवणं. बादलीतल्या साठलेल्या पाण्याने वाहत्या पाण्याचं काम होत नाही. किती वेळाने कंद खाण्याजोगा होतो, हे तो वर्षानुवर्षं करणाऱ्यालाच चवीवरून कळतं. कोकणात उकडून खातात तो लागवडीचा करांदा याच जातीचा आहे, वेल आणि पानं सारखीच दिसतात, त्यामुळे नुसत्या पानावरून ओळख पटली असं समजू नका. करांदे खायचे असतील तर हिवाळ्यात बाजारातून आणा.